लाल : माणकाच्या नावाखाली झाकलेले गुलाबी रत्न

ब्रिटनचा राजा संसदेच्या उद्घाटनासाठी जो मुकुट धारण करतो, त्याच्या दर्शनी भागी एक मोठा तांबूस-गुलाबी खडा बसवलेला आहे. त्याची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर असून वजन १७० कॅरेटच्या आसपास आहे. 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' या नावाने तो जगभर ओळखला जातो. प्रत्यक्षात तो माणिक नाही. कोणे एके काळी हा खडा दोऱ्यात ओवण्यासाठी त्याला छिद्र पाडले गेले होते. पुढे ते छिद्र वरच्या बाजूने बुजवण्यासाठी तेथे एक इवलासा खडा जडवण्यात आला. तो इवलासा खडा मात्र खरोखरीचे माणिक आहे. शतकानुशतके ज्याला माणकाचा मान मिळाला तो वेगळ्याच कुळातला, आणि खरे माणिक त्याच्या छिद्राचे बूच होऊन बसलेले!

या वेगळ्या कुळाच्या रत्नाला आजचे रत्नशास्त्र 'स्पिनेल' म्हणते. जयपूरच्या जोहरी बाजारात त्याला 'लालडी' म्हणतात आणि फारसी परंपरेत त्याचे नाव 'लाल' असे आहे. या नावामुळे ते केवळ लाल रंगाचे असावे असा समज होतो. परंतु ज्या खाणीमुळे हे नाव प्रसिद्धीस आले, तेथील खडे बहुतांशी गुलाबी, फार तर गुलाबाची छटा असलेल्या लाल रंगाचे असत. पहाटेच्या कमळासारखा फिकट गुलाबी, डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद गुलाबी आणि या दोहोंमधल्या असंख्य छटा या एकाच रत्नात आढळतात. रंग, तेज आणि टिकाऊपणा या तिन्ही बाबतींत ते कुणाचेही उसने मागत नाही. तरीही जगाच्या मोठ्या भागात ते दीर्घकाळ दुसऱ्याच्या नावाने वावरले. रत्नाचा व्यवहार ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, अशा कुटुंबांना ही कथा विशेष जवळची वाटेल.

एकाच पाषाणात दोन रत्ने

माणिक आणि लाल यांची गल्लत व्हावी याला निसर्गानेच कारण पुरवले आहे. ही दोन्ही रत्ने पुष्कळदा एकाच खडकात, एकमेकांच्या शेजारी जन्मतात. समुद्रतळाशी साचलेला चुनखडक भूगर्भातील हालचालींमुळे खोल दडपला जातो. प्रचंड उष्णता आणि दाब यांमुळे त्याचे संगमरवरात रूपांतर होते. त्या चुनखडकात चिकणमातीचे थर असतील, तर मातीतील ॲल्युमिनियम मोकळे होऊन नव्या स्फटिकांची घडण करते. केवळ ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा संयोग झाला, तर कुरुंद तयार होतो. त्यात क्रोमियमचा लवलेश असला की त्यालाच माणिक म्हणतात. मात्र तेथे मॅग्नेशियमचा पुरेसा पुरवठा असेल, तर तेच ॲल्युमिनियम मॅग्नेशियमशी हातमिळवणी करते आणि स्पिनेल जन्माला येते. दोघांनाही रंग देणारा क्रोमियम एकच असल्याने रंगही सारखाच उमटतो.

भारतीय भूखंड आशियाला जाऊन भिडला, तेव्हा हिमालयाच्या दोन्ही टोकांपर्यंत असे संगमरवरी पट्टे तयार झाले. म्यानमारमधील मोगोक, व्हिएतनाममधील लुक येन, पाकिस्तानातील हुंझा आणि ताजिकिस्तानातील कुह-इ-लाल ही स्पिनेलची ख्यातनाम स्थाने याच भूकथेशी निगडित आहेत. श्रीलंकेत हे रत्न नद्यांच्या गाळात, इतर खड्यांच्या संगतीत सापडते. आफ्रिकेत टांझानियातील माहेंगे येथे २००७ मध्ये अतिशय मोठे स्फटिक हाती लागले. त्यांपैकी एकाचे वजन ५२ किलो होते. त्यांच्यापासून घडवलेल्या झगझगीत गुलाबी खड्यांनी जागतिक बाजाराचे लक्ष या विस्मृत रत्नाकडे पुन्हा वळवले.

स्पिनेलचा स्फटिक नैसर्गिक अवस्थेतही देखणा असतो. पायाला पाया जोडून ठेवलेल्या दोन पिरॅमिडांसारखा त्याचा अष्टफलकी आकार असतो. मोगोकच्या खाणीत काही स्फटिक इतके गुळगुळीत आणि रेखीव मिळतात, की तेथील लोक त्यांना 'देवतांनी झिलई दिलेले' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. माणसाचा हात लागण्यापूर्वीच ते पैलू पाडल्यासारखे चमकत असतात. 'स्पिनेल' हे नाव लॅटिनमधील काटा या अर्थाच्या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. त्यालाही या स्फटिकाची अणकुचीदार टोकेच कारणीभूत असावीत.

गुणधर्म

रासायनिक दृष्ट्या हे रत्न म्हणजे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे ऑक्साइड होय. शुद्ध स्पिनेल पूर्णतः रंगहीन असते. क्रोमियमच्या अत्यल्प अंशाने त्याला गुलाबी रंग चढतो आणि अंश वाढत गेला की तो लाल होतो. लोहामुळे निळसर, जांभळट किंवा करडी छटा येते, तर कोबाल्टमुळे दुर्मीळ असा तेजस्वी निळा रंग मिळतो. संगमरवरात जन्मलेल्या गुलाबी खड्यांत लोह फारच कमी असते. त्यामुळे त्यांच्या रंगाला मळकटपणा येत नाही. अतिनील प्रकाशाखाली असे खडे आतून निखाऱ्यासारखे तांबडे प्रकाशतात. सूर्यप्रकाशातही अतिनील किरण असल्याने उन्हात या खड्याचा गुलाबी रंग अधिकच खुलतो.

मोसच्या काठिण्यश्रेणीत स्पिनेलचा क्रमांक ८ आहे. माणिक आणि नीलम ९ वर, तर हिरा १० वर. म्हणजे ते माणकाहून थोडे मऊ, परंतु नित्य वापरातील अंगठीसाठी पुरेसे कठीण आहे. त्याला ठरावीक प्रतलावर सहज फुटण्याची खोड नाही, हा त्याचा आणखी एक मोठा गुण होय. त्याची विशिष्ट घनता सुमारे ३.६ असते आणि माणकाची ४. प्रकाशाचा वक्रीभवनांक १.७१८ च्या आसपास, तर माणकाचा १.७६२ ते १.७७० इतका असतो.

या दोघांमधला सर्वांत निर्णायक भेद प्रकाशाच्या वर्तनात आहे. माणकात शिरलेला प्रकाशकिरण दोन किरणांत दुभंगतो आणि त्या दोहोंचे रंगही किंचित भिन्न असतात. एका दिशेने पाहिले तर जांभळट तांबडा, दुसऱ्या दिशेने नारिंगी तांबडा अशी छटा दिसते. स्पिनेलची रचना घनाकृती असल्याने त्यात किरण एकच राहतो. कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्याचा रंग सारखाच असतो. 'आत-बाहेर एकच' असे माणसाविषयी आपण म्हणतो, ते या रत्नाच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

बदख्शानचा डोंगर आणि जुने पारखी

आजच्या ताजिकिस्तानात, पंज नदीच्या काठी, कुह-इ-लाल म्हणजे 'लालचा डोंगर' उभा आहे. हा प्रदेश बदख्शान म्हणून ओळखला जातो. इटालियन प्रवासी मार्को पोलो याने तेराव्या शतकाच्या अखेरीस येथील रत्नांचे वर्णन केले आहे. डोंगर खोदण्याचा हक्क केवळ राजाचा असे, इतर कुणी खणले तर त्याला देहान्त शिक्षा होई आणि बाजारात माल बेताचाच सोडला जाई, म्हणजे भाव टिकून राही, असे तो नोंदवतो. पुरवठा आवरून भाव राखण्याची ही युक्ती आधुनिक व्यापाऱ्यांची नव्हे, हे यावरून लक्षात येते.

त्याच्याही सुमारे अडीचशे वर्षे आधी, गझनीच्या दरबारातील थोर विद्वान अल्-बिरूनी याने रत्नांवर एक ग्रंथ लिहिला. त्याने लाल आणि याकूत, म्हणजे माणिक, ही दोन निरनिराळी रत्ने मानली. लाल हे याकूताहून मऊ असते, हे त्याला ठाऊक होते. एवढ्यावर न थांबता पाण्याने भरलेल्या पात्रात खडा सोडून, बाहेर सांडलेल्या पाण्याच्या तोलावरून त्याने रत्नांची घनता काढली. लालच्या बाबतीत त्याने काढलेला आकडा आजच्या मापनाशी थक्क करण्याइतका जुळतो. हाती भिंगापलीकडे काही नसलेल्या काळात एका जिज्ञासू माणसाने तराजू आणि पाणी एवढ्याच बळावर हा भेद सिद्ध केला होता.

भारतात या परंपरेचा धागा एका जैन ग्रंथकाराने पुढे नेला. ठक्कुर फेरू हे श्रीमाळ कुळातील गृहस्थ दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या राजवटीत अधिकारी होते. इसवी सन १३१५ मध्ये त्यांनी प्राकृतात 'रयणपरिक्खा' म्हणजे 'रत्नपरीक्षा' हा ग्रंथ रचला. संस्कृत रत्नशास्त्राची जुनी चौकट त्यांनी स्वीकारली. तथापि राजकोशात प्रत्यक्ष पाहिलेल्या मालाकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. लाल, अकीक आणि पिरोजा ही पारशी देशांतून येणारी रत्ने त्यांनी त्यांच्या स्वतःच्या नावांनी नोंदवली. लाल हा माणकाचाच एक प्रकार म्हणून पद्मरागाच्या प्रकरणात ढकलून देणे सोपे होते. ते न करता त्याला वेगळी नोंद देणारी ही दृष्टी व्यवहारी माणसाची आहे. हेच फेरू पुढे नाण्यांतील धातूंच्या परीक्षेवरही 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहितात. ज्या वस्तूचा व्यवहार करायचा, तिचे नाव, गाव आणि गुण नेमके ठाऊक असले पाहिजेत, ही शिस्त त्यांच्या लेखनात सर्वत्र दिसते.

मोगल दरबारातील मान

लालला सर्वाधिक वैभव लाभले ते मोगलांच्या काळात. मोगल घराणे स्वतःला तैमूरचे वारस मानत असे आणि बदख्शान ही तैमूरी वंशाची भूमी. त्यामुळे तेथील रत्न हे त्यांच्या दृष्टीने केवळ मौल्यवान खडा नव्हते. ते वंशाच्या हक्काची खूण होते. या खड्यांना ते क्वचितच पैलू पाडत. स्फटिकाचा मूळ घाट कायम ठेवून त्याला झिलई देत, छिद्र पाडून मोत्यांच्या संगतीत ओवत आणि हिऱ्याच्या टोकाने त्यावर बादशहाचे नाव व वर्ष कोरत. वजन वाया जाऊ नये हा हिशेब त्यात होताच. शिवाय प्रत्येक नव्या मालकाला आपले नाव जुन्या नावांशेजारी बसवता येई.

जहांगीराच्या आत्मचरित्रात अशा एका रत्नाची हकिकत आहे. १६२१ मध्ये इराणच्या शाह अब्बासने त्याला एक लाल भेट म्हणून पाठवला. त्यावर तैमूरचा नातू उलुघ बेग याचे नाव कोरलेले होते. पूर्वजाचे नाव असलेला हा खडा पाहून जहांगीर हरखून गेला. त्याने आपले नाव त्यावर कोरवून घेतले. पुढे दक्षिणेतील मोहिमेच्या यशाची वार्ता आली, तेव्हा तो त्याने शाहजादा खुर्रम म्हणजे भावी शाहजहान याला दिला. कुवेतच्या अल्-सबाह संग्रहात सुमारे २४९ कॅरेटचा एक लाल आहे. त्यावर उलुघ बेगपासून अहमदशहा अब्दालीपर्यंत सहा राजांची नावे वाचता येतात. हाताच्या मुठीत मावणाऱ्या या दगडावर तीन शतकांचा इतिहास कोरलेला आहे.

फ्रेंच जवाहीर ताव्हर्निये याने १६६५ मध्ये मयूरासन पाहिले. त्यावर जडवलेले सुमारे १०८ मोठे लाल त्याने मोजले. त्यातला लहानात लहान १०० कॅरेटचा आणि काही २०० कॅरेटच्याही वरचे असावेत, असा त्याचा अंदाज होता. अनुभवी व्यापारी असल्याने त्याने त्यांना नुसते माणिक म्हटले नाही. बदख्शानवरून आलेल्या 'बालास' या नावासह त्यांचा उल्लेख केला. याच दरबाराशी अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांचे जवाहिराचे व्यवहार चालत. जहांगीर आणि शाहजहान या दोघांच्याही काळात त्यांना दरबारी मान होता. अशा ठिकाणी पारख चुकणे कुणाही झवेऱ्याला परवडणारे नव्हते.

नाव कसे हरवले

हे रत्न पश्चिमेकडे गेले तेव्हा 'बालास' या नावापुढे 'माणिक' हा शब्द चिकटला. हळूहळू पुढचा शब्द गळाला आणि मागचा तेवढा उरला. प्रारंभी वर्णिलेल्या ब्रिटिश मुकुटातील खड्याची कथा अशीच आहे. स्पेनमधील कॅस्टिलचा राजा पेद्रो याच्याकडून तो १३६७ मध्ये इंग्लंडचा युवराज 'ब्लॅक प्रिन्स' एडवर्ड याच्याकडे आला आणि १४१५ च्या आझँकूरच्या लढाईत पाचव्या हेन्रीने तो परिधान केला होता, असे परंपरा सांगते. रशियाच्या राजमुकुटाच्या शिखरावर सुमारे ३९९ कॅरेटचा असाच खडा आहे. इराणच्या राजकोशातील एक लाल तर ५०० कॅरेटचा आहे. युरोपात यांच्यासारख्या खड्यांची ख्याती माणिक म्हणूनच पसरली.

१७८३ मध्ये फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रोमे द लील याने स्फटिकांचे कोन मोजून स्पिनेल आणि माणिक ही दोन स्वतंत्र खनिजे आहेत, असे दाखवून दिले. अल्-बिरूनीने तराजूने सांगितलेली गोष्ट युरोपात कोनमापकाने सिद्ध व्हायला सातशे वर्षे लागली. त्यानंतरही नावाची चूक लगेच सुधारली नाही. पंजाब १८४९ मध्ये कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. तेव्हा लाहोरच्या खजिन्यातून कोहिनूरबरोबर ३५२.५ कॅरेटचा एक लालही इंग्लंडला गेला. जहांगीर, शाहजहान, नादिरशहा आणि अहमदशहा अब्दाली यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. इंग्लंडमध्ये त्याला 'तैमूरचे माणिक' असे नाव पडले. वस्तुतः तो माणिकही नाही आणि आधुनिक संशोधक त्याचा तैमूरशी संबंधही मानत नाहीत. दोन शब्दांच्या नावातील दोन्ही शब्द चुकीचे!

या चुकीची किंमत रत्नालाच मोजावी लागली. खरे कूळ उघड झाल्यावर त्याच्याकडे 'माणिक नसलेला खडा' म्हणून पाहिले जाऊ लागले. जोवर त्याला लाल म्हणत होते, तोवर बादशहा त्यावर आपली नावे कोरत होते. परक्या नावाने मिळालेली प्रतिष्ठा ते नाव गळताच ओसरली. विसाव्या शतकात तर कृत्रिम स्पिनेल स्वस्तात मिळू लागल्याने 'स्पिनेल म्हणजे नकली' असा समज रूढ झाला आणि अस्सल रत्नाची उपेक्षा झाली.

गेल्या दोन दशकांत मात्र चित्र पालटले आहे. २०११ मध्ये जिनिव्हा येथील लिलावात मोगल बादशहांची नावे कोरलेल्या खड्यांसह अकरा लालांचा एक हार ५० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. २०१५ मध्ये लंडनमध्ये कुह-इ-लालचा मानला जाणारा ५०.१३ कॅरेटचा गुलाबी 'होप स्पिनेल' ९,६२,५०० पौंडांना विकला गेला. २०१६ मध्ये अमेरिकेतील जवाहिरांच्या संघटनांनी ऑगस्ट महिन्याच्या जन्मरत्नांत स्पिनेलचा समावेश केला. या तिन्ही प्रसंगी रत्न आपल्या स्वतःच्या नावाने बाजारात उभे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पारख आणि सावधगिरी

गुलाबी रंगाची रत्ने अनेक आहेत. गुलाबी नीलम, गुलाबी तुरमळी, मॉर्गनाइट, कुंझाइट आणि गुलाबी स्फटिक ही सारी वरकरणी एकमेकांसारखी भासू शकतात. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे ठरते. वक्रीभवनमापकावर स्पिनेल १.७१८ च्या आसपास एकच रेघ दाखवते, तर वरीलपैकी प्रत्येक रत्न दोन रेघा दाखवते. भिंगाखाली अस्सल स्पिनेलमध्ये पुष्कळदा सूक्ष्म अष्टफलकी स्फटिकांच्या ओळी दिसतात, जणू कुणी बोटाचा ठसा उमटवला आहे. माणकात त्याऐवजी रेशमाच्या तंतूंसारख्या सुया आढळतात.

कृत्रिम स्पिनेल विसाव्या शतकाच्या आरंभापासून बनत आहे. ज्वालेत वितळवून तयार केलेल्या खड्याचा वक्रीभवनांक किंचित जास्त, सुमारे १.७२८ असतो आणि त्यात वाटोळे वायूचे बुडबुडे दिसू शकतात. द्रावकात वाढवलेले कृत्रिम खडे ओळखणे अधिक अवघड असते. त्यांचे आकडे नैसर्गिक खड्यांशी जुळतात, म्हणून प्रयोगशाळेचा आधार घ्यावाच लागतो. जयपूर येथील रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून हे काम करीत आहे.

नैसर्गिक स्पिनेलची एक जमेची बाजू येथे सांगितली पाहिजे. बाजारातील बहुतेक माणकांना भट्टीत तापवून त्यांचा रंग सुधारलेला असतो. हलक्या प्रतीच्या माणकांतील भेगा तर शिसेयुक्त काचेने भरलेल्या असतात. स्पिनेल तापवून सहसा फारसे सुधारत नाही, त्यामुळे ते बहुधा खाणीतून निघाले त्याच रंगाचे असते. काही खडे तापवले जातात, काहींच्या भेगांत तेल भरले जाते. म्हणून किमती खड्याच्या प्रमाणपत्रावर प्रक्रियेची नोंद आहे की नाही, हे पाहावेच.

दागिन्यांपलीकडचे उपयोग

अंगठी, कर्णफुले, हार आणि पदक यांत गुलाबी स्पिनेल पांढऱ्या आणि पिवळ्या अशा दोन्ही सोन्यात शोभून दिसते. ज्योतिषाच्या परंपरेत लालडीला माणकाचे उपरत्न मानतात. येथेही त्याची ओळख दुसऱ्याच्या आधारानेच दिली जाते, हे नमूद करण्याजोगे आहे.

उद्योगात मात्र स्पिनेलला कुणाचा पर्याय म्हणून जगावे लागत नाही. प्रखर उष्णता सोसण्याच्या गुणामुळे सिमेंटच्या फिरत्या भट्ट्यांना आतून लावायच्या विटांत कृत्रिम स्पिनेल वापरतात. त्याचे पारदर्शक सिरॅमिकही बनवता येते. बंदुकीची गोळी रोखणाऱ्या खिडक्यांसाठी आणि अवरक्त किरण टिपणाऱ्या उपकरणांच्या झाकणांसाठी ते उपयुक्त ठरते. त्याची अणुरचना १९१५ मध्ये ब्रॅग आणि निशिकावा या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे उलगडली. तशीच रचना असणाऱ्या पदार्थांच्या संपूर्ण गटाला आज 'स्पिनेल' हेच नाव आहे. काही लिथियम बॅटऱ्यांत वापरले जाणारे मँगनीजचे संयुगही याच गटातले.

घरातील डबीत काय आहे?

पिढीजात दागिन्यांच्या डबीत 'आजीचे माणिक' म्हणून जपलेला खडा कित्येक घरांत असतो. तो खरे माणिक असू शकतो, लाल असू शकतो, किंवा १९०२ नंतर प्रचारात आलेले कृत्रिम माणिकही असू शकतो. काही वेळा तर तो खाली रंगीत वर्ख ठेवून बसवलेला काचेचा तुकडा निघतो. सुखाने नांदणाऱ्या घरात हा प्रश्न सहसा उठत नाही. तो उठतो वाटणीच्या वेळी. एका भावाच्या वाट्याला हिरे आले आणि दुसऱ्याच्या वाट्याला 'त्याच मोलाचे' माणिक आले. पुढे ते माणिक नसल्याचे कळले, की दोष कुणाचाच नसतानाही मनात अढी बसते. यासाठी वाटणीपूर्वीच सर्वांच्या समक्ष खडे तपासून त्यांची लेखी नोंद करून ठेवणे शहाणपणाचे होय. तपासणीत लाल निघाला, तर निराश होण्याचे कारण नाही. जुना, नैसर्गिक, चांगल्या रंगाचा लाल हा मोलाचाच ऐवज आहे. त्यावर फारसी अक्षरे दिसली, तर तो पैलू पाडायला किंवा झिलईला देण्यापूर्वी जाणकाराला अवश्य दाखवावा. एका झिलईत कोरलेले नाव कायमचे पुसले जाऊ शकते.

पेढीवरील व्यवहारालाही हाच नियम लागू होतो. जांगडीच्या चिठ्ठीवर किंवा पावतीवर 'गुलाबी माणिक' अथवा 'बालास माणिक' असे लिहून स्पिनेल देणे म्हणजे दुसऱ्या रत्नाच्या पतीवर आपला माल विकणे होय. ग्राहकाला आज ना उद्या ते कळतेच. 'नैसर्गिक स्पिनेल' अथवा 'लाल' हे नाव, कॅरेटमधील वजन, ठाऊक असल्यास उगमस्थान आणि केलेली प्रक्रिया, एवढी नोंद पुरेशी असते. समान रंगाच्या आणि आकाराच्या उत्तम माणकाहून स्पिनेलचे मोल अद्याप कमी आहे. ते जसे आहे तसे सांगून विकले, तर घेणाराही समाधानी राहतो आणि विकणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

या रत्नाची निगा राखणे अवघड नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशाने ते स्वच्छ करावे. खड्यात भेगा असतील तर ध्वनिलहरींच्या यंत्रात घालू नये. हिरे किंवा माणिक यांच्याबरोबर एकाच कप्प्यात ठेवल्यास त्यावर चरे पडू शकतात, म्हणून त्याला स्वतंत्र पुडी असावी. आणि त्या पुडीवर त्याचे स्वतःचे नाव लिहिलेले असावे, म्हणजे पुढच्या पिढीला डबी उघडताना तर्क करीत बसावे लागणार नाही.